हार्टसाठी झिंक-सेलेनियम घेताय? आधी बाटली उलटी करून बघा

बाबांच्या अँजिओप्लास्टीनंतर दोनेक महिन्यांनी मी त्यांचा गोळ्यांचा डबा आवरायला घेतला. डॉक्टरांच्या गोळ्या होत्याच, पण सोबत तीन बाटल्या निघाल्या, एक मल्टिव्हिटॅमिन, एक कोविडपासून चालूच राहिलेलं झिंक आणि एक काकांनी "हार्टला एकदम भारी" म्हणून पाठवलेलं सेलेनियमवालं काहीतरी. तिन्हीमध्ये झिंक! कागदावर बेरीज केली तर दिवसाला साडेसत्याऐंशी मिलिग्रॅम, आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या तक्त्यात पुरुषाला दिवसाला १७ पुरतात, बायकांना १३ च्या आसपास, वरची मर्यादा ४०.

तर तुम्हीही हेच करा, घरातल्या सगळ्या बाटल्या एकत्र आणा आणि मागचं बारीक अक्षर वाचा (मोबाईलने फोटो काढून मोठा केला की दिसतं). तिथे एक गोची असते, "झिंक सल्फेट मोनोहायड्रेट ६१.८ मिग्रॅ" असं लिहिलं असेल तर ते अख्ख्या क्षाराचं वजन, त्यात खरं झिंक साडेबावीसच. म्हणून "एलिमेंटल" शब्दापुढचा आकडा धरायचा आणि तोच सगळ्या बाटल्यांचा मिळून जोडायचा.

जास्त झालं तर बिघडतं काय? झिंक रोज भरपूर गेलं की आतड्याच्या पेशी एक प्रोटीन जास्त बनवतात, ते तांब्याला पकडून ठेवतं आणि त्या पेशी गळल्या की तांबंही त्यांच्यासोबत बाहेर. असं महिनोन्‌महिने चाललं तर हिमोग्लोबिन उतरतं, पांढऱ्या पेशी कमी होतात, पायाला मुंग्या येतात, आणि माणूस म्हणतो वय झालं. जास्त झिंकने चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, खाली आल्याचंही दिसलंय, म्हणजे हार्टसाठी घेतलेली गोळी उलटीच फिरली की. आता यावर तांब्याची वेगळी गोळी सुरू करू नका, आधी जास्तीचं झिंक डॉक्टरांना विचारून कमी करा.

सेलेनियमची गोष्ट खरी आहे, पण अर्धीच सांगितली जाते. चीनमधल्या हेइलोंगजियांग प्रांतात केशान नावाचा जिल्हा आहे, तिथे १९३५ मध्ये लहान मुलं आणि तरुण बायका हार्टचे स्नायू निकामी होऊन जायला लागल्या, पुढे कळलं की मातीतच सेलेनियम नाही म्हणून धान्यात नाही, मग सोडियम सेलेनाइट (सेलेनियमचाच क्षार) दिल्यावर आजार खूप कमी झाला. पण ज्याच्या अंगात आधीच पुरेसं आहे त्याला वरून देऊन काय होतं? अमेरिकेत ३५ हजारांवर पुरुषांवर रोज २०० मायक्रोग्रॅम देऊन बघितलं, हार्टला काही फायदा नाही, आणि आधीच्या एका ट्रायलमध्ये तर गोळीवाल्यांना डायबिटीस जास्त झाला. आपल्याकडे पंजाबात होशियारपूर-नवांशहरच्या पट्ट्यात मातीत उलट सेलेनियम इतकं जास्त आहे की तिथे केस-नखं गळण्याच्या तक्रारी झाल्यात. गरज दिवसाला ४० मायक्रोग्रॅम, अंडी-मासे खाणाऱ्याने तर याची काळजीच सोडावी.

टेस्टवर पैसे घालायचेच तर लोहावर घाला, विशेषतः हार्ट फेल्युअर असेल तर. फक्त हिमोग्लोबिन बघून चालत नाही, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारं प्रोटीन किती टक्के भरलंय) दोन्ही सांगायचं. फेरिटिन १०० च्या खाली, किंवा १०० ते २९९ आणि सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली, तर हार्ट फेल्युअरवाल्यात ती कमतरता धरतात आणि शिरेतून लोह द्यायचा विचार होतो, कारण त्यांच्यात गोळीने फारसा फरक पडलेला दिसला नाही. अंगात ताप-इन्फेक्शन असताना टेस्ट नको, फेरिटिन उगाच वाढलेलं येतं. केस कापून पाठवायची मिनरल टेस्ट मात्र सरळ सोडून द्या, शाम्पू-डायनेसुद्धा तिचे आकडे हलतात.

जेवणात फार काही करायचं नाही. मटकी-हरभरा रात्री भिजवून मोड आणले की झिंक-लोह अडवणारं फायटेट कमी होतं, उसळीवर लिंबू पिळा, चहा जेवणानंतर तासाभराने घ्या. (हे शेवटचं बाबांना अजून पटलेलं नाही.) तांब्याच्या भांड्यात पाणी ठीक, पण ताक किंवा लिंबूपाणी नको, आंबटाने तांबं सुटतं.

लेबल नसलेली भस्मं "हार्टसाठी" कोणी दिली तर मात्र सरळ नाही म्हणा. २००४ मध्ये बोस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं, आणि शिसं-आर्सेनिक हार्टच्याच मुळावर येतात.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर लोह किंवा झिंक तिच्यानंतर चार तासांनी. आणि डॉक्टरकडे जाताना बाटल्यांची नावं पाठ करत बसू नका, बाटल्याच पिशवीत घालून न्या. आम्ही तसंच केलं, तिन्हीपैकी एक परत घरी आली.