‘ग’नंतरची फट आणि न पुसलेली एक ओळ

प्रूफावर लाल पेनाने बारा ठिकाणी एकच शेरा होता: ‘ग’नंतर शिरोरेषा तुटते. फाँट टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅमसाठी ऑफिसातच पूर्वी कुणीतरी केलेला. अक्षराचं वळण ठीक, पण टीएफएममध्ये, म्हणजे फाँटच्या मापांच्या फाइलीत, रुंदी जास्त पडली होती. आणि टेक वळण बघतच नाही. टीएफएम म्हणेल ती रुंदी खरी धरून तो ओळी पाडतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

आमचे वरिष्ठ म्हणाले, “हेक्स एडिटर उघड, चार बाइट बदल, पाच मिनिटांचं काम.” असल्या गुरूंपासून चार हात लांब राहा. टीएफएममध्ये अक्षरापाशी रुंदी नसते, रुंद्यांच्या तक्त्यातला नुसता क्रमांक असतो, आणि तोच क्रमांक इतर अक्षरंही वापरतात. मी ‘ग’ सुधारला आणि दोन धडधाकट अक्षरं एकमेकांवर चढवून ठेवली.

सरळ रस्ता असा: टीएफ-टू-पीएल हा प्रोग्रॅम चालवून फाइल वाचता येईल अशा मजकुरात, म्हणजे पीएल फाइलीत, आणायची, त्यात रुंदी बदलायची आणि पीएल-टू-टीएफने पुन्हा टीएफएम करायची. आकडे डिझाइन साइझच्या, म्हणजे फाँटच्या मूळ मापाच्या, पटीत असतात. मी ०.५६ चं ०.५४ केलं, म्हणजे १० पॉइंटात ०.२ पॉइंट कमी. फट मिटली. मी खूश.

माती खाल्ली ती पुढे. पीएल फाइलीच्या सुरुवातीला चेकसमची, म्हणजे फाइल ओळखायच्या आकड्याची, ओळ असते, ती मी तशीच ठेवली. ती ओळ दिसली की पीएल-टू-टीएफ स्वतः हिशेब करत नाही, दिलेला आकडा जसाच्या तसा नव्या फाइलीत टाकतो. म्हणजे रुंदी नवी, ओळखपत्र जुनं. तेव्हा आम्ही छापखान्याला डीव्हीआय, म्हणजे टेकने मांडलेल्या पानांची फाइल, पाठवायचो आणि त्यांच्याकडे जुनीच टीएफएम होती. डीव्हीआयमध्ये अक्षरांच्या रुंद्या नसतात, फक्त फाँटचं नाव, चेकसम आणि साइझ. चेकसम जुळला म्हणून डीव्हीआयचं पोस्टस्क्रिप्ट करणाऱ्या डीव्हीआयपीएसने चकार शब्द काढला नाही. माझ्या ओळी ०.५४ ने पाडलेल्या, त्यांच्याकडे त्या ०.५६ ने मांडल्या गेल्या. ज्या ओळीत पाच ‘ग’, ती एक पॉइंट बाहेर. सोळा पानांचा फर्मा छापून झाल्यावर फोन आला: “उजवी कड करवतीसारखी आलीय हो!” दोन दिवस मी परिच्छेदांच्या सेटिंगमध्ये दोष शोधत बसलो होतो.

तेव्हा ती ओळ पुसा. नसली की पीएल-टू-टीएफ नवा चेकसम काढतो, आणि जुन्या फाइलीशी गाठ पडली की निदान इशारा तरी येतो. तिथे शून्य लिहू नका, शून्य म्हणजे ‘तपासूच नका’. आणि फाँटचं नावही बदला. टेकचे कर्ते कनूथ यांनी आपल्या कंप्युटर मॉडर्न फाँटसाठी हीच अट घातली आहे: बदल केलात तर नाव वेगळं. मला आधी ती हेकटपणा वाटायची.

बाकी घाबरण्यासारखं फारसं नाही. पीएल-टू-टीएफ उंच्या राउंड केल्याचं सांगेल. शून्य सोडून १५ च वेगळ्या उंच्या मावतात, आणि रफार, वेलांट्या धरल्या की आपल्या लिपीत त्या भराभर संपतात. चालतं. टेक ‘बॅड मेट्रिक’ म्हणाला तर मात्र दुरुस्तीच्या फंदात पडू नका. फाइलीचा आकार बाइटमध्ये बघा. चाराने भाग जात नसेल तर ती पाठवतानाच बिघडली आहे, मूळ प्रत पुन्हा मागवा. रुंदी बदलूनही पानावर ढिम्म फरक नसेल तर टेक कुठली फाइल उचलतो ते सांगणाऱ्या केपीएसई-व्हिचला विचारा, टेक दुसऱ्याच फोल्डरातली प्रत उचलत असतो.

झीटेक-लुआटेक या टेकच्या नव्या अवतारांवर ओपनटाइप फाँट वापरणाऱ्यांना हे काही लागत नाही. जुन्या पुस्तकाचं पुनर्मुद्रण अंगावर आलं तर लागतं. आमच्या फाँटचं नाव मी तेव्हाच बदललं. जुन्या नावाची, रुंद ‘ग’ची टीएफएम मात्र अजून जपून ठेवली आहे, कारण आधीच्या पुस्तकांच्या ओळी तिच्यावरच पाडलेल्या आहेत.