जुन्या लष्करी ट्रकचे शॉक ॲब्सॉर्बर बदलताना

जुन्या लष्करी ट्रकचे शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतले शॉकअप, निकामी झाले तरी ट्रक चालत राहतो. कारण वजन पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या थरांच्या स्प्रिंगा, पेलतात आणि पाट्यांच्या पानांमधले घर्षण हेलकावे थोडेफार आवरते. म्हणूनच हे काम वर्षानुवर्षे मागे पडते. खड्डा ओलांडल्यावर पुढचा भाग डोलत राहत असेल, शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ दिसत असेल किंवा टायर जागोजागी खळगे पडल्यासारखा झिजत असेल, तर मात्र ते टाळू नये.

प्रथम ट्रकला काय बसवले आहे ते पाहावे. अनेक सहाचाकी ट्रकांना मागे शॉकअप नसतातच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील काही गाड्यांवर नळीऐवजी चॅसीला घट्ट बसवलेली तेलाची पेटी आणि तिची हलणारी दांडी असते. ती सील बदलून पुन्हा कामाला येते, म्हणून फेकून देऊ नये.

नळीचे शॉकअप मात्र नवेच घ्यावेत, आणि ते दिसण्यावरून नव्हे तर मापावरून निवडावेत. ट्रक सपाट जमिनीवर स्वतःच्या वजनावर उभा असताना शॉकअपच्या वरच्या डोळ्याच्या, म्हणजे टोकाच्या कडीच्या, मध्यापासून खालच्या डोळ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे, तसेच ॲक्सल आणि त्याच्या वरचा रबरी ठोकळा यांमधले अंतर मोजावे. ॲक्सल त्या ठोकळ्यावर आदळून रबर दबले तरी नव्या शॉकअपमध्ये आणखी सुमारे 25 मिलिमीटर दबण्याची जागा शिल्लक राहिली पाहिजे. नाहीतर सगळा आघात शॉकअपच्या दांड्यावर आणि ब्रॅकेटवर येतो. उलट चाक खाली लोंबकळताना पाट्याची चाल संपण्याआधी शॉकअप पूर्ण ताणला जाऊ नये. दशकानुदशके गोदामात पडून राहिलेला, न वापरलेला जुना माल माझ्या मते टाळावा, कारण त्याची सीले कडक झालेली असण्याची शक्यता मोठी असते.

हे ट्रक उंच असल्याने चाके जमिनीवर ठेवूनच काम बहुधा होते. हँडब्रेक ओढून चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावावी. चाक काढावेच लागले, तर चॅसीखाली भक्कम स्टँड द्यावेत. काही लष्करी चाकांची रिम दोन भागांची, बोल्टांनी जोडलेली असते. टायरमध्ये हवा असताना ते जोडबोल्ट सैल केल्यास रिम उडून जीव जाऊ शकतो, म्हणून चाक हबला, म्हणजे ॲक्सलच्या टोकाला, धरणारे नट कोणते हे आधी ओळखावे.

खरी कसोटी शॉकअपचा डोळा जिच्यावर बसतो त्या गंजलेल्या पिनेची असते. आदल्या दिवशी तारेच्या ब्रशने आटे घासून त्यांवर गंज सोडवणारे तेल सोडावे. नट हलू लागला की थोडा पुढे, थोडा मागे फिरवावा, आणि आट्यांतून तांबडी भुकटी बाहेर येऊ लागली की पुन्हा तेल द्यावे. गॅसची ज्योत वापरू नये. शॉकअपमध्ये तेल असते, काहींत दाबाखालचा वायूही असतो. बुश, म्हणजे डोळ्यातली रबराची आणि लोखंडी नळीची खोळ, पिनेला धरून बसला असेल, तर रबर कापून शॉकअप काढावा आणि पिनेवर उरलेल्या लोखंडी नळीला हॅक्सॉने लांबीच्या दिशेने चीर पाडून ती छिन्नीने उकलावी. पीन अनेकदा ब्रॅकेटलाच पक्की केलेली असते, त्यामुळे तिच्यावर घणाचे घाव घालू नयेत. मोकळ्या झालेल्या ब्रॅकेटला तडे नाहीत ना, हेही याच वेळी पाहावे.

साधा तेलाचा नवा शॉकअप बसवण्यापूर्वी उभा धरून पूर्ण ताणावा व दाबावा. मधला पोकळ झटका जाऊन हाताला सलग विरोध लागेपर्यंत, साधारण चार-पाच वेळा, हे करावे. रबरी बुशला ग्रीस न लावता साबणाचे पाणी लावावे, वॉशर मूळ क्रमानेच घालावेत आणि एका ॲक्सलवरचे दोन्ही शॉकअप एकदमच बदलावेत. नट शेवटचे आवळायचे ते ट्रकचे वजन चाकांवर आल्यावरच, म्हणजे बुशचे रबर पिळलेल्या अवस्थेत अडकत नाही. नट सुटू नये म्हणून घालायची दुमडती स्प्लिट पीन असेल, तर ती नवी घालावी. स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवून ब्रेकचा पाइप किंवा टायर शॉकअपला घासत नाही याची खात्री करावी आणि सुमारे 100 किलोमीटर चालल्यानंतर सर्व नट पुन्हा तपासावेत.