हँडिकॅम घेताना: आधी काम ठरवा, मग किंमत

कॅमकॉर्डर, म्हणजे आपला हँडिकॅम, बहुतेक वेळा कुठे उभा राहणार, हे आधी ठरवा. घरचे वाढदिवस आणि नाशिकजवळच्या सोमेश्वरची सहल एवढंच टिपायचं असेल तर मोबाइल पुरतो, पैसे वाचवा. पण नाशिकच्या कालिदास कलामंदिरातलं तीन तासांचं स्नेहसंमेलन, रामकुंडावरची संध्याकाळची आरती किंवा गंगापूर रोडच्या लॉन्सवरचं लग्न असेल, तर मोबाइल हात टेकतो. लांबचा चेहरा धड येत नाही, फोन तापतो, मधेच कॉल येतो. अनेक जुने डीएसएलआरही अर्ध्या तासाला रेकॉर्डिंग थांबवतात.

खोक्यावर ठळक छापलेला झूमचा आकडा बरेचदा डिजिटल असतो. त्यात चित्र नुसतं ताणलं जातं. ऑप्टिकल, म्हणजे लेन्सचा खरा झूम किती, तेवढंच विचारा. मागच्या रांगेतून काम करायचं तर 20 पट हवा. मात्र झूम वाढला की लेन्समधून येणारा प्रकाश घटतो. झूम नसताना एफ 1.8 असलेली लेन्स पूर्ण झूमला एफ 4 वर गेली (एफचा आकडा जेवढा मोठा, तेवढा प्रकाश कमी), तर प्रकाश पाचव्या हिश्श्यावर येतो आणि काळ्या भागात दाणे दिसू लागतात. म्हणून रात्रीची कामं जास्त असतील तर एक इंची सेन्सर (लेन्समागची प्रकाश टिपणारी चकती) बघा. त्याचं क्षेत्रफळ 1/2.5 इंची सेन्सरच्या साडेचारपटीहून थोडं जास्त भरतं. त्यात झूम सहसा कमी मिळतो, किंमतही चढते. दिवसा शूटिंग करणाऱ्याने त्यामागे लागू नये.

आवाजाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. बाहेरचा माइक आणि हेडफोन लावायची सोय नसलेला कॅमेरा स्वस्तात मिळाला तरी नको. ढोल-ताशासमोर ऑटो लेव्हल (कॅमेऱ्याने आपोआप आवाज कमी-जास्त करणं) फसते: टोल पडला की आवाज दबतो, मग गोंगाट वर येतो. लेव्हल हाताने ठेवता आली पाहिजे. सर्वांत मोठा टोल कॅमेऱ्याच्या आवाज-पट्टीवर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू द्या.

परदेशातून आणलेला सेट स्वस्त दिसला तर सेकंदाला 25 आणि 50 फ्रेम (चित्रं) आहेत का, ते मेनूत तपासा. आपली वीज 50 हर्ट्झची. फक्त 30 आणि 60 फ्रेमचा कॅमेरा 1/60 सेकंदाच्या शटरवर चालला की ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं. शटर 1/50 किंवा 1/100 ठेवलं की बहुधा भागतं.

शंभरातले सत्तर रुपये कॅमेऱ्याला, बाकीचे मोठी बॅटरी, कार्ड आणि फ्लुइड हेडचा (तेलामुळे डोकं सावकाश, सलग फिरणारा) ट्रायपॉड यांना. फोटोच्या हलक्या ट्रायपॉडवर पूर्ण झूममध्ये पॅन केला, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवला, तर चित्र धक्के खातं. 100 एमबीपीएसवर (सेकंदाला 100 मेगाबिट) 4के चित्रणाला तासाला 45 जीबी लागतात, म्हणजे त्या स्नेहसंमेलनाला 128 जीबीचं कार्डही अपुरं. 50 एमबीपीएसवर फुल एचडी घेतलं तर निम्म्यात भागतं. कार्ड व्ही30 खुणेचं घ्या, ही खूण लिहिण्याच्या किमान वेगाची असते.

जुना घेताय? टेपवाला नकोच, टेपवरचं चित्रण कॉम्प्युटरवर उतरवणारी फायरवायरची केबल आणि ती लावायला कॉम्प्युटर शोधण्यातच दिवस जातील. लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशीचे धागे बघा, पावसाळ्यात बंद पेटीत राहिलेल्यात ती बरेचदा सापडते. एचडीएमआयचं तोंड हलवून बघा, सैल असेल तर सोडून द्या.

खरेदीला नाशिकच्या एम.जी. रोडला जाताना आपलं कार्ड आणि हेडफोन न्या. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यावर पूर्ण झूम करून दोन मिनिटं रेकॉर्ड करा, मग ती फाइल घरी मोठ्या टीव्हीवर बघा. कॅमेऱ्याच्या तीन इंची पडद्यावर सगळंच छान दिसतं.