शेवटच्या आठवड्यांत बाळाची हालचाल कशी मोजायची

दिवस भरत आले की बाळ शांत होतं, असं घरातली मोठी माणसं हमखास सांगतात. ते खरं नाही. साधारण 32 आठवड्यांपर्यंत हालचाली वाढत जातात आणि पुढे प्रसूतीपर्यंत तशाच राहायला हव्यात. बदलतो तो त्यांचा प्रकार. या काळात बाळाचं वजन आठवड्याला सुमारे 200 ग्रॅमने वाढतं आणि 36व्या आठवड्यानंतर गर्भजल हळूहळू कमी होऊ लागतं. जागा अपुरी पडली की कोलांट्या बंद होतात. त्याऐवजी ढुशी, ताणणं, कूस बदलणं, पोट एका बाजूला उचललं जाणं असं जाणवतं. प्रकार बदलला तर चालतं, हालचाल घटली तर नाही.

मोजण्यासाठी रोज एकच वेळ ठरवा. बहुतेक बाळं संध्याकाळी आणि रात्री जास्त हलतात, म्हणून जेवणानंतरची वेळ सोयीची. डाव्या कुशीवर झोपा. उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर येतो. फोन, टीव्ही बाजूला ठेवा. कामाच्या नादात बऱ्याच हालचाली कळतच नाहीत. सुरुवातीची वेळ वहीत लिहा. लाथ, ढुशी, वळण, सगळं मोजा. फक्त उचक्या सोडा, त्या एका लयीत येतात आणि ओळखू येतात. 10 झाल्या की पुन्हा वेळ लिहा.

पहिल्या अर्ध्या तासात काहीच जाणवलं नाही तर घाबरू नका. बाळाची झोप बहुधा 20 ते 40 मिनिटांची असते आणि 90 मिनिटांच्या वर क्वचितच जाते. मात्र दोन तासांत 10 भरल्या नाहीत तर लगेच दवाखान्यात फोन करा, रात्र असली तरी.

खरं तर 10 या आकड्यापेक्षा आपल्या बाळाची सवय महत्त्वाची. रोज 20 मिनिटांत 10 होणाऱ्या बाळाला आज पावणेदोन तास लागले, तर मर्यादेत बसलं म्हणून गप्प राहू नका. वारेतून (प्लासेंटातून) पुरवठा कमी पडू लागला की बाळ प्राणवायू वाचवायला हालचाल आवरतं. हृदयाचे ठोके त्या वेळीही व्यवस्थित असू शकतात. म्हणूनच घरच्या डॉप्लरवर, म्हणजे ठोके ऐकण्याच्या छोट्या यंत्रावर, ते ऐकून निर्धास्त होणं धोक्याचं. शिवाय त्यात आईचीच नाडी बाळाची समजली जाऊ शकते. गोड खाऊन किंवा गार पाणी पिऊन वाट पाहण्यातही वेळ जातो, तेवढंच. वार पुढच्या बाजूला असली तर लाथा थोड्या बोथट वाटतात, पण रोजच्यापेक्षा कमी झाल्या तर तो खुलासा पुरत नाही.

दवाखान्यात एनएसटी करतात: पोटावर पट्टे बांधून किमान 20 मिनिटं ठोक्यांचा आलेख घेतात, बाळ झोपलेलं असेल तर आणखी 20 मिनिटं. गरज वाटल्यास सोनोग्राफीत वाढ आणि गर्भजल पाहतात. सगळं ठीक निघालं आणि दोन दिवसांनी हालचाल पुन्हा घटली, तर पुन्हा जा; आधीचा आलेख फक्त त्या वेळेपुरता होता.

हालचाल पूर्ण थांबली, रक्तस्राव झाला, हिरवट पाणी गेलं किंवा पोट दगडासारखं घट्ट होऊन सैल पडेना, तर मोजत बसू नका, थेट निघा.