लॅटिन प्रेमकविता वाचायची कशी?

लॅटिन येत नसले तरी सांगलीत बसून रोमन प्रेमकविता मुळातून चाखता येते, कारण तिची वृत्ते संस्कृत गणवृत्तांप्रमाणे लघु-गुरूंवरच उभी आहेत आणि शाळेत घोकलेले ते नियम येथे भांडवल म्हणून पुरतात. लोएब मालेतील लाल वेष्टनाची पुस्तके घ्यावीत. त्यांत डाव्या पानावर लॅटिन व उजव्या पानावर इंग्रजी असते. उजवे पान मात्र प्रथम झाकून ठेवावे.

सुरुवात व्हेरोनाच्या कातुल्लसपासून करावी. इ.स.पू. पहिल्या शतकातील या कवीची 85वी कविता अवघ्या दोन ओळींची आहे. पहिली ओळ अशी: ‘ओदी एत अमो. क्वारे इद फाकिआम, फोर्तास्से रेक्वीरिस?’ दोन स्वर भिडले की पहिला गळतो, म्हणून आरंभ ‘ओ-दे-त-मो’ असा म्हणावा. देवनागरीत ‘ए’ नेहमी गुरू असला तरी येथील ‘दे’ लघु आहे, त्यामुळे पहिला गण आपला भगणच (गुरू-लघु-लघु) ठरतो. जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू होण्याचा नियमही बहुतेक ठिकाणी तसाच लागू पडतो. चाल जिभेवर बसल्यावर अर्थ पाहावा: मी द्वेष करतो आणि प्रेमही करतो, असे का करतोस, असे तू कदाचित विचारशील, ठाऊक नाही, पण तसे होत आहे हे जाणवते आणि मी यातना भोगतो. दोन ओळींत आठ क्रियापदे आहेत, नाम एकही नाही. प्रश्नात तो ‘करणारा’ आहे, उत्तरात नुसते ‘होत आहे’. विरहाची तक्रार इतक्या काटकसरीने क्वचितच कोणी मांडली असेल.

त्यानंतर पाचवी कविता घ्यावी. तिची प्रत्येक ओळ इंद्रवज्रेसारखी 11 अक्षरांची आहे, गण मात्र वेगळे आहेत. कडक म्हाताऱ्यांच्या कुजबुजीची किंमत दमडीची धरू, असे म्हणून कवी आपल्या प्रेयसीकडे, लेस्बियाकडे, हजार चुंबने मागतो, मग शंभर, पुन्हा हजार, पुन्हा शंभर. आणि शेवटी हा सगळा हिशेब विस्कटून टाकू म्हणतो, म्हणजे आकडा कळून कोणा दुष्टाची दृष्ट लागणार नाही. सांगलीच्या हळद पेठेत वह्या सांभाळलेल्या माणसाला यातला खट्याळपणा समजावून सांगावा लागणार नाही. मात्र हसण्याच्या भरात मधल्या तीन ओळी निसटू देऊ नयेत: सूर्य मावळून परत येतात, आपला अल्प प्रकाश एकदा मावळला की अखंड रात्र झोपून काढायची. तेथे ‘लुक्स’, म्हणजे प्रकाश, ओळीच्या अखेरीस येतो आणि ‘नोक्स’, म्हणजे रात्र, लगेच पुढच्या ओळीच्या आरंभी. हा विनोद मरणाच्या भीतीवरच उभा आहे, म्हणून थट्टेच्या ओळी आणि गंभीर ओळी वेगळ्या काढून वाचू नयेत.

लेस्बिया हे टोपणनाव असून ती क्लोडिया नावाची स्त्री होती, असे रोमन लेखक आपुलेयसने सुमारे दोनशे वर्षांनी नोंदवले आहे. त्या शोधात अडकून कवितेची रोजनिशी करू नये.

रोमन कवी ओव्हिड यानंतर घ्यावा. ‘आमोरेस’ या त्याच्या प्रेमकवितांच्या संग्रहातील पहिल्याच कवितेत तो युद्धकाव्य लिहायला बसतो, तेव्हा कामदेव हसून दुसऱ्या ओळीतला एक गण चोरतो आणि सहा-सहा गणांच्या ओळींऐवजी सहा-पाचांची जोडी उरते, म्हणजे प्रेमकवितेचे वृत्त. ज्याने आधी बोटांवर गण मोजले आहेत, त्यालाच ही चोरी ऐकू येते.