वस्तीतली भिंत रंगवायची असेल तर

सोलापुरात भिंतचित्राचं काम दिवाळीनंतर काढावं. पावसाची मुरलेली ओल तोवर बरीच निघून गेलेली असते आणि ऊनही सोसवतं. जानेवारीत सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेचे मुख्य दिवस मात्र मोकळे सोडा. तेव्हा कामाला माणसं मिळणार नाहीत.

चित्राच्या आधी भिंत बघा. पलीकडे मोरी, टाकी किंवा गळका नळ आहे का? दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक दिवस ठेवा. आतून थेंब धरले, तर गळती बंद होऊन भिंत सुकेपर्यंत थांबा. ओलीबरोबर क्षार पृष्ठभागावर येतात, पांढरा खार फुटतो आणि कितीही महागडा रंग पापुद्र्यांनी सुटतो. नव्या प्लास्टरला किमान २८ दिवस द्या. मालकाची संमती लेखी हवी, त्यात चित्र किती वर्षं राहणार तेही लिहा. भिंत महापालिकेची असेल तर त्यांची लेखी परवानगी घ्या.

बैठक एकच घेऊ नका. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या पाळ्या असतात, विडी वळणाऱ्या बायकांची वेळ वेगळी, आणि बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात. मराठी-तेलुगू दोन्ही येणारं कुणीतरी बसवाच. ‘काय काढू या?’ असं विचारलं की मोर, झाड आणि घोषवाक्य एवढंच हाती लागतं. त्यापेक्षा ‘या गल्लीत काय बनतं, पूर्वी काय होतं?’ असं विचारा. घरातली जुनी चादर, फोटो, विडीचं सूप घेऊन यायला सांगा. त्यावरून चित्रकाराने तीन कच्चे आराखडे करावेत, ते आठवडाभर किराणा दुकानाबाहेर लावावेत आणि हरकती लिहून घ्याव्यात. या आराखड्यांचे पैसे वेगळे द्या. विचार करणं हेही कामच आहे. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले सोलापूरचे हुतात्मे काढणार असाल तर चौघेही काढा: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा. चेहरे छायाचित्रावरूनच घ्या. चेहरा जमला नाही तर सगळी वस्ती दुखावते.

आराखडा मोठा करायला चौकटी आखा: कागदावर एक इंच, भिंतीवर एक फूट. जकार्डच्या (नक्षी विणणाऱ्या मागाच्या) चादरीची नक्षी ग्राफ कागदावर मांडणारा जुना कारागीर वस्तीत असेल, तर आखणी त्याच्याकडे सोपवा. चौकटी मोजण्यात त्याची नजर पक्की असते.

३० बाय १० फुटांची, म्हणजे ३०० चौरस फुटांची भिंत धरू. तारेच्या ब्रशने घासून, धुऊन, सुकवून बाहेरच्या भिंतींचा ॲक्रिलिक प्रायमर एक हात द्यायला ३ ते ४ लिटर लागतो. त्यावर पांढऱ्या एक्स्टिरियर इमल्शनचे (बाहेरच्या भिंतींच्या, पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे) दोन हात: सुमारे ६ लिटर. चित्राचे रंग सगळे मिळून १० लिटर धरा. स्टेनर (रंगात मिसळायचा दाट रंगद्रव) ओतून गडद रंग घरीच बनवायचा मोह टाळा. प्रमाण वाढलं की रंग नीट धरत नाही. गडद छटा दुकानातून मशीनवर बनवून घ्या. पश्चिमेच्या भिंतीवर भडक लाल-पिवळे लवकर उडतात, तिथे गेरूच्या जातीच्या छटा टिकतात. खालचा दीड फूट गडद पट्टा ठेवा. चिखल आणि माव्याच्या पिचकाऱ्या तिथेच येतात.

रंगवताना सावलीमागे चला: पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची दुपारनंतर. तापलेल्या भिंतीवर रंग पसरण्याआधीच सुकतो आणि ब्रशचे वळ राहतात. प्रत्येक आकारात रंगाचा क्रमांक हलक्या पेन्सिलने लिहा. एका वेळी सहा ते आठ जण पुरेत. मुलांना खालचे मोठे आकार द्या, शिडीवर फक्त सवयीची माणसं. दोन हातांमध्ये चार तास जाऊ द्या. बाह्यरेषा शेवटी, चित्रकाराच्याच हाताने.

प्रत्येक रंगाचा अर्धा लिटर घट्ट झाकणाच्या डब्यात, शेड क्रमांक लिहून, समोरच्याच एखाद्या घरी ठेवा आणि पावसाळ्यानंतर भिंत सुकली की उडालेले तुकडे लगेच भरून घ्या.