मास्टरिंगला प्लगइन की हार्डवेअर? पैसे घालण्याआधी या चुका टाळा

मास्टरिंग म्हणजे तयार मिक्सवर फिरवायचा शेवटचा हात. तो कॉम्प्युटरमधल्या प्लगइनने, म्हणजे सॉफ्टवेअरने फिरवता येतो, नाहीतर खऱ्या यंत्राने, म्हणजे आमच्या भाषेत 'डब्या'ने. कॉम्प्रेसर हा त्यातलाच एक, आवाजाचे चढउतार आवळणारा.

"दीड लाख साठलेत दादा, मास्टरिंगसाठी एखादा ॲनालॉग कॉम्प्रेसर घेऊन टाकू का?" असं कुणी विचारलं की मी आधी खोलीची मापं विचारतो. बहुतेकदा उत्तर येतं: दहा बाय दहा, भिंतींना अंड्यांचे ट्रे.

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. दहा फुटांच्या खोलीत साधारण ५६ हर्ट्झला समोरासमोरच्या भिंतींमध्ये ध्वनीची लाट उभी राहते. खुर्ची बरोबर मधोमध असेल तर ती फ्रिक्वेन्सी जवळजवळ ऐकूच येत नाही, भिंतीला टेकून बसलात तर फुगून येते. मग पखवाजाची कणीक लावलेली बाजू पोकळ वाटते, म्हणून आपण बेस वाढवतो आणि तेच गाणं गाडीत लावलं की दारं थरथरतात. अंड्यांचे ट्रे किंवा पातळ फोम बेस अडवत नाहीत. कोपऱ्यांत रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) चार-सहा इंच जाड पॅनेल लावा, खुर्ची मध्यापासून थोडी पुढे घ्या. तोवर कुठलाही डबा घेतलात तरी नॉब अंदाजानेच फिरणार.

पुढची चूक तुलना करताना होते. दुकानात डबा चालू केला की आवाज भरदार वाटतो, कारण बऱ्याचदा तो एखाद डेसिबलने मोठा झालेला असतो. कानाला मोठं ते चांगलं वाटतं. डब्यातून काढलेली आणि मूळ, अशा दोन्ही फाइल्स लाउडनेस मीटरवर, म्हणजे कानाला किती मोठं वाटतं ते मोजणाऱ्या प्लगइनवर (युलीनचा मोफत मिळतो) एका पातळीवर आणा, डोळे मिटा आणि बटण दुसऱ्याला दाबू द्या. एवढं केल्यावर कितीतरी जणांनी बेत बदललेला मी पाहिला आहे.

डब्याच्या किमतीवरच हिशेब थांबवू नका. गाणं कॉम्प्युटरमधून बाहेर जाणार आणि परत आत येणार, म्हणजे दोन्ही टोकांना चांगला कन्व्हर्टर (डिजिटलचं ॲनालॉग आणि परत डिजिटल करणारा) हवा. बॅलन्स्ड (बाहेरची खरखर रोखणाऱ्या) केबल हव्यात, डावं-उजवं चॅनेल तंतोतंत जुळायला हवं. वेळही जातो: आठ गाणी मिळून चाळीस मिनिटांची असतील, तर प्रत्येक फेरीला पूर्ण चाळीस मिनिटं.

आणि रिकॉल, म्हणजे जुनी सेटिंग पुन्हा तशीच लावणं! एका अभंगांच्या अल्बमचं मास्टरिंग मी रॅकवर, म्हणजे चौकटीत बसवलेल्या डब्यांवर केलं. तीन आठवड्यांनी निरोप आला, चौथ्या अभंगात गळा किंचित वर हवा. मी नॉबचे फोटो काढून ठेवले होते, पण बाजूने, तिरके. काटा दोनवर होता की दीडवर, तेच कळेना. शेवटी ते सेटिंग शोधायला जुनाच मिक्स पुन्हा रॅकमधून पाठवला, जुन्या मास्टरसमोर फेज उलटी करून ठेवला (म्हणजे सारखा भाग एकमेकांना खोडतो) आणि उरलेला आवाज कमीत कमी होईपर्यंत नॉब हलवत बसलो. अर्धा दिवस गेला. तेव्हापासून फोटो समोरून आणि आकडे वहीत. ज्यांच्या कामात दुरुस्त्या वारंवार येतात, त्यांनी डिटेंटचे, म्हणजे खटक्यांचे नॉब असलेलंच यंत्र बघावं.

रॅक जोडल्यावर 'घूंऽऽ' असा आवाज आला तर तो बहुधा ग्राउंड लूपचा, म्हणजे यंत्रांच्या अर्थच्या जोडण्यांतून फिरणाऱ्या करंटचा असतो, ५० किंवा १०० हर्ट्झचा. सगळी यंत्रं एकाच बोर्डवर घ्या, केबल तपासा. अर्थची पिन कधीही काढू नका, जिवाशी खेळ आहे. परदेशातून आणलेल्या यंत्राचा व्होल्टेज २३० वर आहे ना, हे प्लग लावण्याआधी बघा.

सॉफ्टवेअरवाल्यांच्याही चुका आहेत. जुन्या यंत्रांच्या नकला असलेली बरीच प्लगइन्स डिजिटल मीटरवर सरासरी उणे १८ डेसिबलच्या आसपासचा सिग्नल गृहीत धरतात. त्यांत ठासून भरलेला मिक्स घातला की आवाज चिरकतो आणि दोष प्लगइनला जातो. आधी गेन, म्हणजे आत जाणारी पातळी कमी करा. पखवाजाच्या प्रत्येक थापेला गळा मागे जात असेल, तर कॉम्प्रेसरच्या साइडचेनला (ज्या सिग्नलकडे बघून तो दाबतो त्याला) १०० हर्ट्झच्या आसपास हाय-पास लावा, म्हणजे त्याखालचा बेस त्याला दिसणार नाही. हार्डवेअर घेताना ही सोय आहे का, तेही विचारा. आणि लिमिटर (आवाजाची शिखरं अडवणारं यंत्र किंवा प्लगइन) दाबून उणे ८ एलयूएफएसपर्यंत (लाउडनेस मोजायचं एकक) नेऊ नका. स्पॉटिफाय डीफॉल्टला ते उणे १४ वर खाली आणतं, टाळांची धार मात्र कायमची जाते. ट्रू पीक, म्हणजे लाटेचं खरं शिखर, उणे १ डेसिबलच्या वर नको.

माझं मत विचाराल तर खोली, मॉनिटर स्पीकर आणि कन्व्हर्टर जमल्यावर, रोजचं काम असेल तर एखादं ट्यूबचं किंवा ट्रान्सफॉर्मरचं यंत्र जरूर घ्यावं. त्याचा रंग मला मनापासून आवडतो. शेवटचा लिमिटर मात्र सॉफ्टवेअरमध्येच ठेवतो.

घेण्याआधी यंत्र दोन दिवस भाड्याने आणा. स्वतःचे तीन मिक्स त्यातून आणि प्लगइनमधून काढा, पातळी जुळवा. फाइल्सना नुसते आकडे द्या, कुठला आकडा कशाचा ते कागदावर लिहून कागद घरातल्या कुणाकडे द्या आणि आठवड्याने ऐका.